खळ काढलेला दगड

फेब्रुवारी सरत आला की म्हैसूरच्या रस्त्यांवर गुलाबी सडा पडतो. अंगावर एक पान नाही आणि फांदी न् फांदी फुललेली, अशी झाडं आमच्या कॉलेजच्या फाटकापासून पार ग्रंथालयापर्यंत उभी असतात. त्यांना आमच्या घरात "परीक्षेची झाडं" म्हणतात. ती फुलली की आई टीव्हीचा आवाज बंद करायची आणि नुसती चित्रं बघत बसायची, माझ्या अभ्यासात खंड नको म्हणून. मालिकेतली माणसं काय बोलत असतील ते तिचं ती ठरवायची. एप्रिलमध्ये आवाज परत आला की तिला मालिका आवडेनाशी व्हायची. "मी केलेली बरी होती," म्हणायची.

यंदाही झाडं फुलली. बोगादीच्या सिग्नलला स्कूटर घेऊन उभी होते, तेवढ्यात फोन आला. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, आवाजात घाई.

"मॅडम, फील्डवरून आणलेलं सॅम्पल घरी आहे. फार मातकट आहे. धुऊ का?"

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की मागच्या बसवाल्याला वाटलं मी त्यालाच म्हणतेय. त्यानं हॉर्न वाजवायचा थांबवला. मग सिग्नल हिरवा झाला आणि मी तिथंच उभी, तेव्हा त्यानं पुन्हा सुरू केला.

धुऊ का. बारा-तेरा वर्षं झाली, पण हे दोन शब्द ऐकले की माझ्या नाकात ओल्या मातीचा आणि ओल्या कापडाचा वास एकदम येतो.

मी भूविज्ञान शिकवते. साधं सांगायचं तर दगड. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ओळख करून देताना हे मी सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. काही लोकांना ते आवडत नाही. झालं गेलं, आता कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. ज्यांच्या भिंतींवर तीन-तीन पिढ्यांच्या पदव्या लटकतायत त्यांनी गप्प बसावं, त्यांना शोभतं. आमच्या भिंतीवर माझ्याच आहेत, आणि त्यांच्या काचा मी स्वतः पुसते.

आम्ही रंगारी. किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलो ते नीट कुणालाच ठाऊक नाही. आजोबा लाकडी ठशांनी कापड छापायचे, माझे वडील म्हणजे अप्पा रंगवायचे. मार्केटमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन हंडे, दोन शेगड्या आणि वर दोऱ्यांवर वाळणारे ब्लाउजपीस, फॉल, ओढण्या. गिऱ्हाइकानं साडीचा पदर दाखवायचा आणि म्हणायचं, "राव, ह्याला मॅचिंग पाहिजे." अप्पा पदर उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि चिमटी-चिमटीनं रंग टाकायचे. कुठं मोजमाप नाही, कागद नाही. त्यांची नखं मी कधी पांढरी बघितली नाहीत. दसऱ्याच्या आठवड्यात तर दहा बोटांना दहा रंग असायचे.

त्यांचे दोन नियम होते. ते आम्हा भावंडांना जेवायला कसं बसायचं याच्या आधी शिकवले गेले. पहिला नियम: कोरं कापड कधी थेट रंगात घालायचं नाही. आधी साध्या पाण्यात भिजत घालायचं, चोळायचं, पिळायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मागावरून आलेल्या कापडाला खळ असते. ती काढल्याशिवाय रंग पोटात जात नाही. दुसरा नियम: गाळ फेकायचा नाही. हंड्याच्या तळाला जे उरतं ते मलमलीतून गाळून, वाळवून, कापड पूर्ण सुकेपर्यंत बाजूला ठेवायचं. कापडावर डाग उठला तर का उठला, ते गाळात दिसतं. हा गाळ बघायला अप्पांकडे एक घडीचं पितळी भिंग होतं, आजोबांच्या वेळचं. उघडलं की चौकोनी खिडकी होते, एक इंचाची. ती कापडावर ठेवायची आणि इंचात किती धागे आहेत ते मोजायचं. लहानपणी मी त्यातून मुंग्या बघायची. मुंगीला दाढी असते, हे मी वर्गात सांगितलं आणि मार खाल्ला.

आता दगडाकडे येते.

म्हैसूरला राहून जीवाश्म बघायचे म्हटलं तर कठीण. आमच्या चामुंडीच्या डोंगराचा दगड आगीतून थंड होत घडलेला. तो कितीही फोडा, हाड सापडायचं नाही. हाडासाठी वाळूचा दगड लागतो, नदीनं थरावर थर आणून टाकलेला. त्यासाठी आम्ही कावेरीच्या वाटेनं खाली जातो, तमिळनाडूत, अरियलूरकडे. तिथं कल्लमेडू नावाचं गाव आहे आणि त्याच्याच नावानं ओळखला जाणारा वालुकाश्माचा थर. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर होते, पण त्यांचे दिवस भरत आले होते, असा काळ.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, फेब्रुवारीत, मी पहिल्यांदा तिथं गेले. म्हैसूरच्या बाहेर मुक्काम करायची माझी ती पहिलीच वेळ. आईनं चपात्या, शेंगाचटणी आणि एक कुलूप दिलं होतं. कुलूप कशाला लावायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

डायनासोरांचा दगड म्हणजे काहीतरी राकट, काळा, कड्यासारखा असेल असं मनात होतं. बघते तर सपाट माळ, वेड्या बाभळी, लांब ताडाची झाडं, आणि कोरड्या ओढ्याच्या काठाला हातभर उंचीची पिवळट-पांढरी कड. रंग अगदी कोऱ्या मांजरपाटाचा. बोटानं चोळलं तर दाणे सुटायचे, रव्यासारखे. मला हसू आलं. एवढे प्रचंड प्राणी, आणि त्यांना जपून कुणी ठेवलं, तर ह्या रव्यानं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम पन्नाशीच्या, डोक्याला पंचा गुंडाळून आमच्या पुढे चालायच्या. त्यांनी पहिला धडा दिला. "हाड की दगड ते कळत नसेल तर जीभ लावा. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही."

सगळी मुलं एकमेकांकडे बघत "छी" म्हणाली. मी लगेच लावली. मला त्यात काही वाटलं नाही. अप्पा तुरटीचं पाणी जिभेवर घेऊनच सांगतात, झालं की नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, डोकं उन्हानं ठणकत असताना, ओढ्याच्या कडेतून डोकावणाऱ्या एका तपकिरी तुकड्याला मी जीभ लावली आणि ती चिकटली. ओढली तेव्हा बारीकसा आवाज झाला. सात कोटी वर्षं तहानलेलं काहीतरी माझ्या तोंडातलं पाणी पीत होतं. मी तिथंच बसून राहिले. मॅडमना हाक मारायचं भानही नव्हतं.

नारळाच्या करवंटीएवढा तो तुकडा होता. मोठ्या प्राण्याचं हाड आणि त्याला धरून बसलेला कल्लमेडूचा वालुकाश्म, दोन्ही एकत्र. मॅडमनी परवानगीचे कागद भरून तो माझ्या नावावर दिला. "हाड कुठल्या थरात, कुठल्या दाण्यांत बसलंय, तो तुझा प्रबंध," त्या म्हणाल्या. "तुकडा हाच. दुसरा मिळेल असं समजू नकोस." आम्ही निघालो तेव्हाच विभागातल्या प्रयोगशाळेचं कुलूप बिघडलेलं होतं, म्हणून आठवडाभर नमुने ज्याचे त्यानं घरी ठेवायचे ठरलं. मी तो वर्तमानपत्रात आणि मग अप्पांच्या दुकानातल्या चिंध्यांत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रात्रभराच्या बसनं घरी आणला. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "बाळ आहे का?" मी "हो" म्हटलं.

घरात मात्र आईनं उंबऱ्यातच अडवलं.

"काय ते?"

"डायनासोरचं हाड."

"मेलेल्याचं हाड? अय्यो! ते घेऊन आत?"

"आई, दगड झालाय त्याचा."

"झाला असेल. मेला होता की नव्हता?"

"होता."

"मग धुतल्याशिवाय घरात नाही. आंघोळ तूही कर."

अप्पांनी मध्ये पडून तो पडवीतल्या फळीवर ठेवला. मग भिंग काढून वरून खालून बघितलं. दाण्यांवर नख फिरवलं, बोट हुंगलं.

"कोरा आहे गं हा," ते म्हणाले. "खळ आहे ह्यात भरपूर."

"चिकणमाती आहे ती, अप्पा. साफ करायचाय मला. वेळ मिळत नाहीये."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं. साफ करायचाय, म्हणजे सुईनं, मऊ ब्रशनं, एकेक दाणा उचलत, महिनाभर. पण ते शब्द मी उच्चारले नाहीत. एवढं शिकून मला हे कळू नये, की रंगाऱ्याच्या घरात "साफ करायचंय" आणि "वेळ नाही" या दोन गोष्टी एका दमात बोलू नयेत?

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून चारच्या सुमाराला घरी आले. झाडांखालचा गुलाबी चिखल चपलेला लागला होता, तो पुसत होते. पडवीत फळी रिकामी. खाली अप्पांचं मोठं घंगाळ, त्यात तांबूस-पांढरं पाणी, आणि दोरीवर दोन पदरी मलमल, ओलीचिंब, पोटाशी फुगलेली. अप्पा उकिडवे बसून हात धूत होते. चेहरा इतका खूश की मला आधी काही समजलंच नाही.

"ये, पुट्टी, ये! सकाळी घातला भिजत. काय खळ होती म्हणून सांगू! सहा पाणी बदलली. आता एकदम नितळ येतंय, नोडु."

पुट्टी म्हणजे छोकरी, नोडु म्हणजे बघ. मी बघितलं. घंगाळाच्या तळाशी हाडाचे सात-आठ तुकडे पडले होते, सुपारीच्या खांडांसारखे. दगड नव्हताच. ज्या दाण्यांवर माझा प्रबंध उभा राहायचा होता ते दाणे मलमलीत.

पुढचं मला लिहायचं नाही, पण लिहिते. मी किंचाळले. आई आतून धावत आली. मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतं, अप्पा? शिकलात कधी? ब्लाउजपीस आहे का तो?"

त्यांनी हात पुसले. मग दोरीवरची मलमल उतरवली, तिची गाठ न सोडता, आणि हळूच ताटात ठेवली. मी आत गेले आणि दार लावलं. बाहेर आई हलक्या आवाजात म्हणत होती, "मीच म्हटलं होतं धुवा म्हणून," आणि अप्पा म्हणत होते, "साकु, तिला अभ्यास करू दे." साकु म्हणजे पुरे. अभ्यास कसला करणार होते मी? त्या दिवशी टीव्हीचा आवाज बंद होता आणि चित्रंही बंद होती.

सकाळी अप्पा उठायच्या आत निघाले. हाडाचे तुकडे डब्यात घेतले होते. बसमध्ये खिडकीशी बसून एकच वाक्य घोकत होते, परीक्षेच्या उत्तरासारखं. मॅडमच्या टेबलावर डबा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, बसमध्ये फुटला. गावाहून येताना. सांगायचा धीर झाला नाही."

मॅडमनी चष्मा वर केला, एक तुकडा उचलला, फिरवला. दुसरा उचलला. 

"फुटलेल्या दगडाला कडा असतात," त्या म्हणाल्या. "हा फुटलेला नाही. हा भिजलाय. कुणी भिजवला?"

मला वाटलं, आता संपलं. वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं की पुढचं काहीच धरून ठेवता येणार नाही. आमच्या घरात दुसऱ्यांदा बसायची सोय नव्हती. "मी" म्हणावं असंही एकदा मनात आलं. तेही सोपं होतं. पण मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं खोटं बोलवेना.

"माझ्या वडिलांनी. ते रंगारी आहेत. कोरं कापड आधी धुतात ना, तसं..."

मी खाली मान घालून उभी. मॅडम हसतील किंवा ओरडतील, दोन्हीची तयारी होती. त्या पुढे झुकल्या.

"गाळ कुठंय?"

"काय?"

"पाण्यातून जे उरलं ते. वाळू. फेकलं का?"

"ते... ते गाळ फेकत नाहीत, मॅडम. कधीच."

"मग इथं काय उभी आहेस? जा!"

त्या दिवशी बस मिळाली नाही. मी चालत, मग पळत, मग पुन्हा चालत घरी गेले. वाटभर एकच भीती: काल जे बोलले त्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच नियम मोडला असेल तर? रागानं नाही; अप्पांना राग येत नाही. नुसतं "माझं काय काम" म्हणून मलमल झटकून टाकली असेल तर? गल्लीच्या तोंडाशी आले तर दुकान बंद. सणासुदीलासुद्धा ते दुकान मी बंद बघितलं नव्हतं. मी घराकडे वळले.

घरी पडवीत अप्पा बसले होते. मांडीवर काळी सॅटिन पसरलेली, त्यावर वाळलेला गाळ पातळ पसरलेला, आणि डोळ्याला ते पितळी भिंग. शेजारी तीन वाट्या. सकाळपासून बसले होते, आई म्हणाली. चहासुद्धा बसल्या जागी घेतला.

मान वर न करता ते म्हणाले, "ही वाळू. हा कचरा, मुळं-बिळं. आणि ह्या वाटीत काय आहे ते मला कळत नाही. तूच बघ. मी शिकलेलो नाही."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता. जसं होतं तसं ते बोलत होते.

मी भिंग घेतलं. वाटीत तळाला चिमूटभर काळंभोर काहीतरी चमकत होतं. पहिला दाणा चौकटीत आला: माशाचा खवला, शंकरपाळ्याच्या आकाराचा, वर मुलामा दिल्यासारखी चकाकी. मग दुसरा खवला. मग तांदळाच्या कणीएवढा एक सुळका, किंचित वाकडा, टोकापासून बुडापर्यंत बारीक रेघा. 

"अप्पा, हा दात आहे."

"कुणाचा?"

"मगरीचा. पिल्लाचा असेल."

"डायनासोरचा नव्हे?"

"नव्हे."

ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "असू दे. मगर पण बरी. आपल्याकडे रंगनतिट्टूच्या नदीत आहेत की."

तो दगड सुईनं टोकरत मी महिनाभर बसले असते तर हा दात मला कधीच दिसला नसता. हाड दिसलं असतं, कारण ते मोठं होतं. मॅडमनी नंतर समजावलं: बारीक जीवाश्मांसाठी जगभर असंच करतात, मऊ दगड पाण्यात घालून सुटा होऊ द्यायचा, चाळणीवर धुवायचा आणि उरलेला चोथा भिंगाखाली निवडायचा. आमच्या विभागात कल्लमेडूच्या दगडावर तोवर कुणी करून बघितलं नव्हतं. "चूक झालीच," त्या म्हणाल्या, "हाड गेलं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण काम बरोबर झालंय." प्रबंधाचा विषय बदलला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, झाडांची फुलं संपत आलेली असताना, मी नव्यानं लिहायला बसले. आई मूक मालिका बघत होती, आणि अप्पा रोज संध्याकाळी दुकानातून येऊन तासभर वाटी निवडत होते. मी काही बोलायचे नाही, ते काही विचारायचे नाहीत. मधे ताट, भिंग आणि सात कोटी वर्षांचे मासे. ते तास मला आठवतात तितकं त्या परीक्षेतलं दुसरं काही आठवत नाही. त्यांचं रंगलेलं नख काळ्या सॅटिनवरून दाणा सरकवताना इतकं हलकं चालायचं, की मी लिहिता लिहिता थांबून बघत बसायची.

माफी मात्र मागायची राहिली. आज मागते, उद्या मागते, परीक्षा होऊ दे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते, अगदी कडक इस्त्रीचे. त्यांनी प्रबंध चाळला, पद्धतीच्या पानावर बोट ठेवलं.

"चाळणी कुठली वापरली? जाळीचं माप लिहिलेलं नाही."

मी ते मुद्दाम गाळलं होतं. "नमुना धुऊन गाळला" एवढंच लिहिलं होतं. कुठं, कशातून, कुणी, काही नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्या मला वाचवणार नव्हत्या, हे दिसत होतं.

"चाळणी नव्हती, सर. मलमल होती. दोन पदरी."

"कापड?" ते खुर्चीत सरळ झाले. "मग माप कसं सांगणार?"

"इंचाला साठ धागे, सर. उभे साठ, आडवे छप्पन्न. नवीन नाही, धुऊन आटलेली, म्हणून वीण घट्ट."

"हे कुणी मोजलं?"

खोलीत पंखा फिरत होता. त्या खोलीत माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं.

"माझ्या वडिलांनी. दगडही त्यांनीच धुतला, दातही त्यांनीच निवडला. ते रंगारी आहेत. मला हे आधी लिहायला हवं होतं."

परीक्षकांनी पेन काढलं आणि पद्धतीच्या पानावर समासात काहीतरी लिहिलं. मला वाटलं गुण कापले. नंतर प्रत हातात आली तेव्हा वाचलं: "धाग्यांची संख्या मजकुरात घ्या." बस, एवढंच. मी ती घेतली. पहिल्या वर्गात पास झाले आणि पुढं त्याच विभागात शिकवायला लागले. ज्या रव्यासारख्या दगडावर बोट फिरवून मी हसले होते, त्यानं माझं घर उभं केलं.

कधीकधी कपडे धुताना मनात येतं, कल्लमेडूची ती वाळू कुठून आली असेल? पश्चिमेकडचे जुने कातळ झिजून, त्या काळच्या नद्यांनी खाली नेऊन टाकलेली. त्यात आमच्या बाजूचा एखादा दाणा असेलही. म्हणजे धुणं आमच्याकडे फार आधीपासून चालू आहे.

त्या फोनवरच्या मुलीला मी सांगितलं, "धुऊ नकोस. सॅम्पल घेऊन माझ्या घरी ये." ती आली. अप्पा आता सत्तरी ओलांडलेले, दुकान कधीच बंद झालंय, हात थरथरतो. पण दगड बघितल्याबरोबर खुर्चीतून पुढे सरकले. नखानं टोकरलं, हुंगलं.

"हा घट्ट आहे. ह्याला पाणी नको," त्यांनी तिला सांगितलं. "ब्रशनं कर. सुम्ने, उगाच, धुवायचं नसतं, आधी विचारायचं. मी एकदा विचारलं नव्हतं."

मी स्वयंपाकघरात उभी होते. इतक्या वर्षांत ते असं प्रथमच बोलले. चूक त्यांनी आपल्याच खात्यावर ठेवली होती, आणि माझं ते वाक्य कुठंच नव्हतं.

त्याच आठवड्यात विभागातलं जीवाश्मांचं कपाट नव्यानं लावायचं होतं. जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, नव्या छापायचं काम माझ्याकडे. शनिवारी दुपारी अप्पांना घेऊन गेले. इतक्या वर्षांत ते विभागात कधी आले नव्हते. "तिथं माझं काय काम" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. फाटकापासून गुलाबी सड्यावरून चालताना ते पाकळ्या चुकवून पाय टाकत होते, कुणाचं तरी वाळत घातलेलं कापड असावं तसे.

कपाटातल्या तिसऱ्या फळीवर, कापसात, काचेच्या झाकणाखाली तो दात आहे. तांदळाची कणी. शेजारी नवी चिठ्ठी. मी वाचून दाखवली: मगरीचा दात, कल्लमेडूचा थर, शोधणारी म्हणून माझं नाव. आणि त्याखाली, या कपाटात दुसऱ्या कुठल्याही चिठ्ठीवर नाही अशी एक ओळ: धुणारे व निवडणारे, नागोजीराव, रंगारी, म्हैसूर.

अप्पांनी खिशातून पितळी भिंग काढलं, उघडलं. मला वाटलं दात बघतील. त्यांनी भिंग चिठ्ठीवर ठेवलं आणि स्वतःच्या नावावरून हळूहळू सरकवत नेलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"अप्पा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"छपाई चांगली नाही," ते भिंगातूनच म्हणाले. "कडा फुटल्यात. शाई पसरलीय बघ, तुझ्या नावापाशी." मग भिंग मिटलं, खिशात ठेवलं, आणि काचेवर पडलेला आपल्या बोटाचा ठसा बाहीनं पुसला.

"रंग जाणार नाही ना, पुट्टी?"

"नाही, अप्पा. पक्का आहे."

"मग झालं," ते म्हणाले.